एक वॉटचा दिवा आणि त्यावरचा शिक्का

ज्ञानेश्वर महाराजांची पालखी आळंदीहून पुण्याला येते ती दिघी, कळस करत विश्रांतवाडीवरून. त्या दिवशी अजून उजाडलेलेही नसते तोच वारकऱ्यांचे जथे रस्त्याला लागतात, आणि आळंदी रस्त्याच्या दोन्ही कडांना चहा-पाण्याचे मांडव उभे राहतात. गेल्या वर्षी आमच्या विज्ञान मंडळातल्या आठवी-नववीच्या मुलांनी ठरवले, की पाणी द्यायच्या टेबलावर टांगायचा दिवा विकत आणायचा नाही, आपणच करायचा. कल्पना चांगली होती. आम्ही मान डोलावली आणि पुढचे फारसे पाहिले नाही. चूक तिथेच झाली.

मुलांनी बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीतून एक-एक वॉटचे तीन पांढरे एलईडी आणले. हे एलईडी म्हणजे रेडिओवर मिणमिणणारे लाल-हिरवे मणी नव्हेत. पिवळसर ठिपका असलेले छोटे भिंग, आणि ते चांदणीसारख्या खाचा असलेल्या रुपया-दोन रुपयांच्या नाण्याएवढ्या पांढऱ्या चकतीवर बसवलेले. मुलांनी प्लायवूडच्या तुकड्यावर त्या तीन चकत्या रबरी चिकटद्रव्याने चिकटवल्या, तारा जोडल्या आणि बारा व्होल्टच्या बॅटरीला एक रोध लावून दिवा पेटवला. वर्ग उजळून निघाला. टाळ्या झाल्या. दहा-बारा मिनिटांनी प्रकाश किंचित निळसर वाटू लागला, चिकटद्रव्याचा वास सुटला, आणि थोड्या वेळाने तिन्ही दिवे एकदम विझले. एकसरीत जोडलेले असल्यामुळे एक गेला की तिघेही गेले.

“सर, तुम्हीच शिकवलंत ना, एलईडी थंड असतो म्हणून?” एका मुलीने विचारले.

शिकवले होते खरे. आपल्यापैकी अनेकांनी शिकवले असेल. त्या वाक्यात अर्धे सत्य आहे आणि उरलेल्या अर्ध्यामुळे दिवे जळतात.

उष्णता जाते कुठे?

तारेचा जुना बल्ब आठवा. त्याच्यातली टंगस्टनची तार सुमारे अडीच हजार अंश सेल्सियसपर्यंत तापते. तापणे हेच तिचे काम. घेतलेल्या ऊर्जेचा मोठा भाग ती अवरक्त किरणांच्या रूपाने समोर फेकून देते, म्हणून त्या बल्बखाली हात धरला की ऊब लागते. उष्णता बाहेर काढण्याची वेगळी सोय त्या दिव्याला लागत नाही, प्रकाशाबरोबर तीही निघून जाते.

एलईडीचे तसे नाही. त्याच्या प्रकाशात अवरक्त किरण जवळजवळ नसतात, म्हणून समोर धरलेल्या हाताला तो थंड लागतो. पण दिलेल्या सगळ्या विजेचा प्रकाश होत नाही. साध्या, स्वस्त पांढऱ्या एलईडीत पाव ते एक तृतीयांश ऊर्जेचा प्रकाश होतो असे धरू. बाकीची उष्णता होते आणि ती स्फटिकातच राहते. शंभर अंशांच्या आसपास असलेला एवढासा स्फटिक प्रारणाने काहीच बाहेर टाकू शकत नाही. ती उष्णता मागच्या बाजूने, घनपदार्थातून, वहनानेच काढावी लागते. दिवा समोरून थंड आणि पाठीमागून गरम, असे हे प्रकरण आहे.

किती गरम, याचा अंदाज मुलांकडून काढून घेण्यासारखा आहे. एक वॉटच्या एलईडीतून ३५० मिलिअँपिअर धारा जाते आणि त्याच्यावर सुमारे ३.२ व्होल्ट दाब असतो; गुणाकार १.१२ वॉट. त्यातले पाऊण-एक म्हणजे ०.८ वॉट उष्णता. आकडा हास्यास्पद लहान वाटतो. पण ही उष्णता ज्या स्फटिकात तयार होते तो एक मिलिमीटर लांब आणि एक मिलिमीटर रुंद असतो. चौरस सेंटिमीटरमागे हिशेब केला तर ८० वॉट होतात. आता घरची ७५० वॉटची इस्त्री घ्या. तिचा तळ आलेख कागदावर ठेवून चौकोन मोजा. साधारण १५० चौरस सेंटिमीटर भरतात. म्हणजे चौरस सेंटिमीटरमागे ५ वॉट. आपल्या ‘थंड’ दिव्याचा स्फटिक उष्णतेच्या दाटीत इस्त्रीच्या सोळा पट पुढे आहे.

ही दाटी मोडायची, उष्णता पसरवायची आणि मग हवेच्या स्वाधीन करायची, एवढेच काम दिवा बसवताना करायचे असते. ते समजायला ओहमचा नियम पुरतो. विजेच्या जागी उष्णता घ्या, दाबातल्या फरकाच्या जागी तापमानातला फरक घ्या, आणि विद्युतरोधाच्या जागी उष्णतारोध. एक वॉट उष्णता पुढे ढकलायला तापमानात जितक्या अंशांचा फरक पडावा लागतो तितका त्या टप्प्याचा उष्णतारोध. टप्पे एकामागे एक असले की रोधांची बेरीज करायची.

स्फटिकापासून एलईडीच्या धातूच्या बुडापर्यंत वॉटला दहाएक अंश. पुढे चांदणीच्या चकतीतून आणि तिच्या खालच्या सांध्यातून आणखी पाचएक अंश. हे दोन आकडे कारखान्याच्या हाती, ते बरेच ठरलेले. खरा घोटाळा शेवटच्या टप्प्यात, धातूपासून हवेपर्यंत. स्थिर हवेत तापलेला एक चौरस मीटर पृष्ठभाग दर अंशामागे आठ-बारा वॉट हवेला (आणि थोडे प्रारणाने भोवतालाला) देतो. चांदणीची चकती दोन सेंटिमीटर व्यासाची. दोन्ही बाजू मिळून सहा चौरस सेंटिमीटरच्या थोडे वर. हिशेब केला तर नुसत्या टांगलेल्या चकतीला एक वॉट देण्यासाठी किमान १३० अंशांचा चढ लागतो! आपल्या ०.८ वॉटला शंभरहून अधिक अंश. खोलीचे तापमान तीस धरले तर चकती १३० अंशांच्या वर आणि स्फटिक १४० च्याही वर. बहुतेक एलईडींची सहनशक्ती १२० ते १५० अंशांच्या दरम्यान कुठेतरी संपते. मुलांनी तर चकतीची पाठ लाकडाला चिकटवून अर्धी वाटही बंद केली होती. लाकूड उष्णतेचा दुर्वाहक आहे हे याच मुलांनी पाचवीत पाठ केले होते, पण पातेल्याच्या मुठीचे ज्ञान दिव्यापर्यंत पोचले नव्हते.

बसवायचे कसे

दुसऱ्या दिव्यासाठी आम्ही १० सेंटिमीटर बाजूची, दोन मिलिमीटर जाडीची अॅल्युमिनियमची चौकोनी पट्टी घेतली. दोन्ही बाजू मिळून २०० चौरस सेंटिमीटर. तीन एलईडींची उष्णता २.४ वॉट. वरच्याच हिशेबाने पट्टी मोकळी, उभी टांगली तर हवेपेक्षा पंधराएक अंशांनी गरम होईल. मागची बाजू झाकली गेली तर दुप्पट. ज्यांना पत्रा कापणे जमत नाही त्यांनी जुन्या बाजारात बुधवारी किंवा रविवारी जाऊन मोडक्या संगणकातला पंखेदार अॅल्युमिनियमचा ठोकळा आणावा. दुकानात त्यालाच हीटसिंक म्हणतात. पाती असल्यामुळे त्याचा पृष्ठभाग दिसतो त्याच्या कितीतरी पट असतो. मात्र पाती उभी राहतील असा बसवावा, म्हणजे तापलेली हवा त्यांच्यामधून वर सरकते.

आता सांधा. अॅल्युमिनियमच्या दोन ‘सपाट’ तुकड्यांवर बोट फिरवले तर गुळगुळीत लागतात, पण सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले तर डोंगर-दऱ्या दिसतात. दोन डोंगररांगा एकमेकींवर पालथ्या घातल्या तर शिखरेच टेकतात. मध्ये हवा राहते. अॅल्युमिनियमची उष्णतावाहकता हवेच्या सातआठ हजार पट आहे, तेव्हा ती अडकलेली हवा म्हणजे राजरस्त्यावरचा खड्डाच. म्हणून मध्ये पांढरी पेस्ट लावतात. पेस्टची वाहकता अॅल्युमिनियमच्या शंभराव्या हिश्शाएवढीही नसते, पण हवेच्या तीस-चाळीस पट असते. याचा सरळ अर्थ असा, की पेस्ट फक्त दऱ्या भरण्यापुरती हवी. मुले ती केकवरच्या क्रीमसारखी थापतात आणि जास्त लावली म्हणजे जास्त चांगले असे समजतात. ज्वारीच्या दाण्याएवढी पुरे. चकती दाबून थोडी इकडेतिकडे फिरवली की जादा पेस्ट काठाने बाहेर येते, ती पुसून टाकायची.

आणखी काही गोष्टी आम्ही चुका करत शिकलो. तारा आधी चकतीला सोल्डर कराव्यात, मग चकती पट्टीवर बसवावी. उलटे केले तर पट्टी सोल्डरिंगची सगळी उष्णता ओढून घेते, सोल्डर नीट वितळत नाही, आणि मूल जोर करून दोन मिनिटे डाग देत बसते. भोक पाडल्यावर काठाला उरलेली धार कानशीने काढलीच पाहिजे, नाहीतर चकती त्या धारेवर तरंगते. नट-बोल्ट लावताना बोल्टच्या डोक्याखाली फायबरचा वॉशर घालावा. चांदणीच्या खाचा आणि विजेचे जोड इतके जवळ असतात, की धातूचे डोके जोडाला टेकते आणि वीज पट्टीत उतरते. सगळे झाल्यावर मल्टिमीटरने प्रत्येक जोड आणि पट्टी यांच्यामधला रोध पाहावा. तो अनंत दिसला पाहिजे. चांदणीच्या चकतीतही तांब्याचा पातळ थर आणि अॅल्युमिनियम यांच्यामध्ये एक अगदी पातळ विद्युतरोधक थर असतो, सुमारे एक दशांश मिलिमीटरचा, वहीच्या कागदाएवढा. उष्णतेने पार जावे आणि विजेने जाऊ नये, अशी दुहेरी अपेक्षा त्याच्याकडून असते. हा थर लक्षात ठेवा, त्याच्याकडे परत यायचे आहे.

धारेबद्दल थोडक्यात. एलईडीला ठरावीक दाब नव्हे, ठरावीक धारा द्यायची असते. तीन एलईडी एकसरीत, प्रत्येकी सुमारे ३.१ व्होल्ट, म्हणजे ९.३. बारा व्होल्टमधून उरले २.७. दहा ओहमचा रोध घातला तर २७० मिलिअँपिअर जातात. पूर्ण ३५० देण्यापेक्षा हे बरे; प्रकाश थोडासाच कमी होतो आणि उष्णता चांगलीच कमी. रोधात पाऊण वॉटच्या आसपास खर्च होतो, म्हणून तो दोन वॉटचा घ्यावा. आता मुलांच्या बॅटरीचे काय झाले ते पाहा. ती चार्जरलाही जोडलेली होती, आणि चार्ज होत असताना तिचा दाब पावणेचौदा व्होल्टच्या घरात जातो. तेवढ्या फरकाने धारा चारशेच्या वर जाते. शिवाय एलईडी तापला की त्याच्यावरचा दाब अंशामागे तीनएक मिलिव्होल्टने उतरतो. तीन एलईडी पन्नास अंशांनी तापले तर जवळजवळ अर्धा व्होल्ट मोकळा होतो आणि धारा आणखी ४५ मिलिअँपिअरने वाढते. जास्त धारा, जास्त उष्णता, आणखी जास्त धारा. लाकडावरचा दिवा असा दोन्ही बाजूंनी घेरला गेला होता.

तपासणी सोपी आहे. प्रयोगशाळेतला साधा तापमापक घ्या, त्याच्या फुग्याला पेस्ट लावून तो चकतीच्या शेजारी पट्टीला बांधा आणि दर पाच मिनिटांनी आकडा लिहा. आकडा वाढायचा थांबेपर्यंत थांबायचे. आमच्या पट्टीला चाळीस मिनिटे लागली. हवा ३१ अंश, पट्टी ४५. तापमापक नसेल तर बोट आहेच. पन्नास अंशांच्या धातूवर हात कसाबसा ठेवता येतो, साठला तो आपोआप उचलला जातो. आणि पेटलेल्या एलईडीकडे सरळ पाहू देऊ नका. एवढ्या लहान ठिपक्यातून येणारा प्रखर प्रकाश डोळ्यांना सोसत नाही. समोर ट्रेसिंग पेपर किंवा दुधी प्लास्टिक हवेच.

दुसरा दिवा

हे सगळे चालू असताना एका मुलाने घरून आपला स्वतंत्र दिवा करून आणला. त्याचे डोके चांगले चालते, हात त्याहून चांगले. त्याने घरातला नऊ वॉटचा बंद पडलेला एलईडी बल्ब उघडला होता. आत गोल अॅल्युमिनियमची पट्टी आणि तिच्यावर पिवळ्या ठिपक्यांची माळ. एका ठिपक्यावर काळा डाग दिसत होता. तो एलईडी जळाल्यामुळे सगळी माळ तुटली होती. त्याने डागाच्या दोन्ही बाजू सोल्डरने जोडून टाकल्या. हे कसब आता गल्लोगल्ली सर्वांना येते, त्यात नवल नाही. मग आपल्या नव्या ज्ञानानुसार ती पट्टी त्याने पेस्ट लावून स्टीलच्या डब्याच्या झाकणावर बसवली, बोल्ट आवळले, आणि तारा काढून सरळ भिंतीतल्या प्लगला जोडायच्या तयारीत उभा राहिला. उष्णतेच्या बाजूने त्याचे काम आमच्यापेक्षा सरस होते.

आमच्या मात्र पोटात गोळा आला.

घरगुती एलईडी बल्बच्या आत २३० व्होल्टमधून माळेला लागणारी धारा तयार करणारे छोटे मंडल असते. काही बल्बांत या मंडलात रोहित्र असते आणि त्याची दुसरी बाजू घरातल्या पुरवठ्यापासून तुटलेली असते. पण पुष्कळ बल्बांत, विशेषतः स्वस्त बल्बांत, तसे काही नसते. माळेचा प्रत्येक ठिपका कुठून ना कुठून फेजच्या तारेशी थेट जोडलेला असतो. पेटलेल्या पट्टीवरच्या जोडाला हात लावणे आणि उघड्या फेजला हात लावणे यांत फरक नाही. आणि त्या मुलाच्या डब्याच्या झाकणात आणि त्या फेजमध्ये होता फक्त मघाचा तो कागदाएवढा थर. बोल्टने ओरखडा काढला, भोकाची धार टोचली, ओलसर हवेत त्याचा काठ भिजला, की स्टीलचे झाकण जिवंत. त्यातून ते पाणी द्यायच्या टेबलावर टांगायचे, खाली चिखल, आणि हंड्यात हात घालणारी मुले.

आम्ही मुलांना मागे उभे केले, मुख्य कळ हाताशी ठेवून तो दिवा एका कोरड्या लाकडी टेबलावर एकदाच पेटवला आणि झाकणाला टेस्टर लावला. निऑन अंधूक पेटला. थर फुटलेला नव्हता. मग टेस्टर का पेटला? एका बाजूला तांबे, मध्ये पातळ विद्युतरोधक, दुसऱ्या बाजूला अॅल्युमिनियम, हा तर धारित्रच झाला, आणि प्रत्यावर्ती धारा धारित्रातून थोडी पार होतेच. तेवढी धारा माणसाला जाणवतही नाही. पण थर किती पातळ आहे ते त्या अंधूक निऑनने दाखवून दिले. वर्गात हे करून दाखवू नका, अशी आमची विनंती आहे. आम्हीही पुन्हा करणार नाही.

तो मुलगा हिरमुसला. मग त्याने जो प्रश्न विचारला, तोच या लेखाचे खरे निमित्त आहे. “पण हाच बल्ब काल घरी होल्डरमध्ये होता, तेव्हा चालत होता. त्याच्यावर शिक्का पण होता. मग मी नुसतं झाकण काढलं तर एवढं काय झालं?”

शिक्का कशाचा असतो

भारतीय मानक संस्था, म्हणजे आपली जुनी ‘आयएसआय’, १९४७ सालच्या जानेवारीत स्थापन झाली. १९८७ पासून तिची जागा भारतीय मानक ब्यूरोने घेतली. आज ब्यूरोचे काम २०१६ च्या कायद्याने चालते. संस्थेचे नाव बदलले तरी आयएसआयचा शिक्का तोच राहिला. घरातली वायर, स्विच, प्लग, इस्त्री यांच्यावर तो असतो: वर मानकाचा क्रमांक (पीव्हीसी वायरसाठी आय.एस. ६९४, प्लग-सॉकेटसाठी आय.एस. १२९३), खाली ‘सीएम/एल’ या अक्षरांनी सुरू होणारा परवाना क्रमांक. ही दोन्ही नसतील तर नुसत्या आयएसआय या अक्षरांना अर्थ नाही. हा परवाना देताना ब्यूरो कारखानाही पाहते.

इलेक्ट्रॉनिक वस्तूंसाठी दुसरी पद्धत आहे. २०१२ साली केंद्र सरकारने सक्तीच्या नोंदणीचा आदेश काढला; पहिल्या यादीत दूरचित्रवाणी संच, लॅपटॉप वगैरे १५ प्रकारच्या वस्तू होत्या. नोव्हेंबर २०१४ मध्ये त्यात मोबाईल फोन, पॉवर बँक यांच्याबरोबर एलईडी दिवेही आले. म्हणूनच बल्बच्या अंगावर किंवा खोक्यावर मानक चिन्हासोबत आय.एस. १६१०२ (भाग १) आणि ‘आर-’ पुढे आठ आकडे दिसतात. इथे उत्पादक आपला नमुना ब्यूरोने मान्य केलेल्या प्रयोगशाळेत तपासून घेतो, त्या अहवालावर नोंदणी होते, आणि माल मानकाप्रमाणे आहे असे उत्पादक स्वतः जाहीर करतो. इलेक्ट्रॉनिक वस्तूंच्या चाचण्यांसाठी पुण्यातही, शिवाजीनगरला कृषी महाविद्यालयाच्या आवारात, केंद्र सरकारचे परीक्षण व विकास केंद्र आहे. ‘आर’ क्रमांक खरा की खोटा हे ब्यूरोच्या ‘बीआयएस केअर’ या मोबाईल अॅपवर टाकून पाहता येते. मुलांना हा उद्योग फार आवडतो. त्यांनी दोन दिवसांत घरोघरचे चार्जर आणि बल्ब वाचून काढले, आणि काहींच्या नशिबी क्रमांकच नव्हता.

प्रयोगशाळेत बल्बचे काय करतात? पहिली चाचणी तर शाळेतही करता येईल. ‘चाचणी-बोट’ नावाचे एक धातूचे, सांधे असलेले बोट असते, १२ मिलिमीटर जाड आणि ८० मिलिमीटर लांब. बल्ब होल्डरमध्ये बसवल्यावर ते बोट कुठूनही वीज वाहणाऱ्या भागापर्यंत पोचता कामा नये. मग बल्ब दोन दिवस नव्वद टक्क्यांहून अधिक दमट हवेच्या पेटीत ठेवतात. आपल्या आषाढाचीच ही नक्कल. बाहेर काढल्यावर आतले वाहक भाग आणि बाहेरून हाताला लागणारे भाग यांच्यामधला विद्युतरोध किमान चार दशलक्ष ओहम भरला पाहिजे, आणि काही हजार व्होल्टचा दाब एक मिनिटभर लावला तरी ठिणगी पडता कामा नये. याशिवाय टोपी पिरगाळून निखळते का, प्लास्टिकला तापलेली लाल तार टेकवली तर ते पेटत राहते का, आतला एखादा भाग मुद्दाम निकामी केला तर बल्ब जळतो का की मुकाट्याने विझतो, हे पाहतात.

आता त्या मुलाचे उत्तर. बल्बच्या आतली पट्टी फेजशी जोडलेली असली तरी चालते, कारण तिच्या पुढे दुधी घुमट आणि भोवती प्लास्टिकचे आवरण असते. कागदाएवढा थर ही पहिली भिंत, आवरण ही दुसरी. बोट घुमटाला टेकते, थांबते. शिक्का दिला गेला तो या सगळ्या बंद वस्तूला. घुमट काढला त्या क्षणी ती वस्तू उरली नाही. शिक्का प्लास्टिकवर राहिला आणि पट्टी वेगळीच कोणीतरी झाली. स्टीलच्या झाकणावर बसवलेली ती पट्टी कोणीच कधी तपासलेली नव्हती.

यातून आणखी एक गोष्ट निघते. सुट्या भागांवरचे शिक्के पूर्ण वस्तूला चिकटत नाहीत. तपकीर गल्लीत एलईडीच्या पाकिटावर युरोपातला ‘सीई’ शिक्का दिसतो, आणि दुकानदार ‘सर्टिफाइड माल’ म्हणतो. ‘सीई’ ही बहुतेक वस्तूंच्या बाबतीत उत्पादकाने स्वतः दिलेली ग्वाही असते, आणि भारतातल्या नोंदणीच्या जागी ती चालत नाही. तसेच बल्बच्या खोक्यावरचे तारे वीजबचतीचे, सुरक्षिततेचे नव्हेत. आणि सुरक्षिततेचा शिक्काही बल्ब किती वर्षे टिकेल ते सांगत नाही; १६१०२ या मानकाचा पहिला भाग सुरक्षिततेचा आहे, कामगिरी दुसऱ्या भागात येते.

मग शाळेत केलेल्या दिव्याला काय लागते? स्वतः वापरायला केलेल्या एका दिव्याला कोणी नोंदणी मागत नाही. विकायला ठेवला की लागते, आणि शाळेच्या आनंदमेळ्यात मुलांनी केलेले दिवे विकायची हौस असणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे. पण नोंदणी लागत नाही म्हणजे धोका नाही असे नव्हे; उलट तपासणारे दुसरे कोणी नसते. आम्ही एक रेघ आखली आहे. २३० व्होल्ट ज्या डबीत शिरतात ती डबी आम्ही करत नाही, उघडत नाही. ती विकतची, बंद, ‘आर’ क्रमांकाचा अॅडॅप्टर (अनेक अॅडॅप्टरवर आय.एस. १३२५२ (भाग १) दिसतो). त्याच्या आत रोहित्र असते, दोन भिंती असतात, त्यांची तपासणी झालेली असते. बाहेर येतात फक्त बारा व्होल्ट, आणि त्या बारा व्होल्टवर मुलांनी हवा तो पराक्रम करावा. अटल टिंकरिंग लॅब असलेल्या शाळांत सोल्डरिंगपासून सगळे साहित्य असते, तिथे ही रेघ अधिकच ठळक हवी. बंद पडलेले बल्ब उघडायला आम्ही आजही देतो, आतले पाहण्यासारखे असतेच; पण टोपीच्या दोन्ही तारा आधी कापून टाकायच्या, म्हणजे ते पुन्हा पेटण्याचा मोहच नाही.

घरच्या चाचण्या मात्र मुलांनी करायच्या. सुताराकडून १२ मिलिमीटर जाडीची लाकडी दांडी आणून तिचे टोक गोल केले, हे आमचे चाचणी-बोट. अॅडॅप्टर प्लगमध्ये घालताना आणि काढताना ते पिनांपर्यंत पोचत नाही ना, हे कळ बंद ठेवून पाहिले. दिव्यात शिरणारी तार हिसका मारून ओढली. ती सोल्डरच्या जोडावर लोंबकळत होती, म्हणून आत गाठ मारून पट्टीला आवळली. अर्धा तास दिवा उलटा टांगून पुन्हा तापमान पाहिले.

पालखीच्या दिवशी पहाटे चारला दिवा मांडवात लागला. साडेपाचला पावसाची सर आली, आणि मांडवातल्या एका काकांनी काळजीपोटी दिव्यावर प्लास्टिकची पिशवी घट्ट बांधली. तापमापकावर लक्ष ठेवणाऱ्या मुलीने वीस मिनिटांनी आकडा वाचला: ४३ वरून ५८, आणि अजून चढतोच आहे. पिशवी काढली तर पाणी, ठेवली तर उष्णता. तिने चहाच्या पत्र्याच्या डब्याचे झाकण तारेने दिव्यावर वीतभर उंच बांधले, खालून-वरून हवा खेळेल असे. सात वाजता, उजाडल्यावर, दिवा उतरवला तेव्हा पट्टी ४४ वर होती आणि एका कोपऱ्यात पाण्याचे चार थेंब साचले होते. दिव्यांच्या खोक्यावर ‘आयपी’ या अक्षरांपुढे जे दोन आकडे असतात, त्यांतला दुसरा पाण्यापासूनच्या संरक्षणाचा, हे आम्ही त्यांना शाळेत परतल्यावर सांगितले. सध्या मैदानात झारी घेऊन ते छपराचा कोन बदलून बदलून पाहत आहेत.